नाताळचा हिशेब जुलैतच मांडावा लागतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळच्या खरेदीचं पान वृत्तपत्रांत साधारण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येतं. केक, सजावट, कपडे, भेटवस्तू आणि कोपऱ्यात ‘कमी खर्चात नाताळ’ अशी एक चौकट. ज्या घरात महिन्याला पंधरा-सोळा हजार येतात, त्या घराचे पैसे तोवर संपलेले तरी असतात नाहीतर उसने घेऊन झालेले असतात. म्हणून हे पत्र आम्ही जुलै लागण्याआधी लिहीत आहोत. बचत गटाच्या वह्या सांभाळताना दर फेब्रुवारीत नाताळच्या उधारीचे जे आकडे समोर येतात, त्यावरून हे सगळं मांडलं आहे.

कमी पगाराच्या घरात नाताळ बिघडतो तो बहुतेक वेळा तारखांमुळे. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला होतो. म्हणजे नोव्हेंबरचा पगार १० डिसेंबरच्या सुमाराला हातात येतो आणि तो १० जानेवारीपर्यंत पुरवायचा असतो. त्याच एका पगारातून भाडं, किराणा, गॅस, नाताळ आणि ३१ तारीख निघायची. ज्यांना बोनस मिळतो, त्यांना तो दिवाळीच्या तोंडावर मिळतो. कायद्यात हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांची मुदत आहे. मार्चअखेरीला वर्ष संपत असेल तर ३० नोव्हेंबरपर्यंत बोनस द्यायचा. पण रिवाज दिवाळीचा. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि नाताळ त्यानंतर ४७ दिवसांनी. एवढे दिवस बोनस घरात टिकत नाही. पोरं त्याच गल्लीत वाढलेली असतात. शेजारच्या मुलांच्या अंगावर दिवाळीचे नवे कपडे आले की आपल्याही मुलांना काहीतरी घ्यावं लागतं, त्यात गैर काहीच नाही. फक्त बोनसमधली नाताळची रक्कम ज्या दिवशी बोनस खात्यात येईल त्याच दिवशी बाजूला निघाली पाहिजे. दुसऱ्या दिवशी ती निघत नाही.

दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं. ऑक्टोबर छाटणी, मग फेलफूट (घड नसलेली फूट) काढणं, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, या दिवसांत हाताला सलग काम असतं आणि पावसाळ्यात खाडे पडतात. त्यांनी नाताळच्या बचतीत दर आठवड्याला सारखी रक्कम टाकायचा हट्ट धरू नये. भर पावसात ५० रुपये आणि छाटणीच्या आठवड्यांत ३०० असं धरलं तरी बेरीज बसते.

यंदा ५ जुलै ते २० डिसेंबर या काळात २५ रविवार येतात. उपासनेहून घरी आलं की दर रविवारी १५० रुपये बाजूला काढले तर ३,७५० होतात. बोनसमधले २,००० त्यात मिळवले की ५,७५०. बोनस नसेल तर दर रविवारी २०० प्रमाणे ५,००० जमतात. एका कागदावर २५ चौकोन आखून फ्रीजवर नाहीतर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि पैसे टाकले की चौकोनात रक्कम लिहावी. नुसती खूण करू नये. खूण केली की ५० टाकले की १५० ते नंतर आठवत नाही.

पैसे ठेवायचे कुठे, हे नीट ठरवावं, कारण इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. पोस्टाचं आवर्ती ठेव खातं १०० रुपयांपासून उघडतं म्हणून बायका मोठ्या आशेने जातात. पण त्याची मुदत पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांच्या आत ते बंद करता येत नाही. डिसेंबरला ते पैसे हाती येणार नाहीत. पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी भरायची ठेव, सोयीची असते, माणूस दारात येतो. मात्र मुदतीआधी काढली तर कपात किती, हे पुस्तकावर लिहून घ्यावं, आणि बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत जो विमा असतो तो पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो हेही ध्यानात ठेवावं. भिशीबद्दल एक विशेष सांगायला हवं. लिलावाच्या भिशीत, म्हणजे जी सर्वांत कमी रक्कम घ्यायला तयार होईल तिला त्या महिन्याची भिशी मिळते अशा भिशीत, डिसेंबरचा नंबर सगळ्यांनाच हवा असतो, विशेषतः भिशीतली बहुतेक घरं ख्रिस्ती असतील तर. त्यामुळे डिसेंबरची बोली सर्वांत खाली जाते आणि १० जणींच्या ५,००० च्या भिशीत उचलणारीच्या हातात चार हजारच पडतात. त्यापेक्षा कोणीच मधे उचलायचं नाही अशी भिशी करावी. जुलैपासून सगळ्यांनी भरायचं, रक्कम दोघींच्या सहीने चालणाऱ्या खात्यात ठेवायची आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ज्याची त्याला परत. एकटीनेच जमवायचं असेल तर साधं वेगळं बचत खातं पुरतं. फक्त ते खातं फोनमधल्या यूपीआयला जोडू नये. जोडलं की भाजीवाल्याला दिलेले चाळीस रुपयेसुद्धा त्यातूनच जातात.

आता ५,७५० रुपयांची वाटणी. नवरा-बायको, दोन मुलं आणि गावाकडे आजी-आजोबा असं घर धरू. मुलांचे कपडे १,६००, मुलांच्या भेटवस्तू प्रत्येकी ४०० प्रमाणे ८००, नातेवाइकांच्या भेटी ८००, आजी-आजोबांसाठी ५००, फराळ आणि केक १,१००, चर्चमधलं अर्पण आणि संडे स्कूलची (मुलांच्या रविवारच्या वर्गाची) वर्गणी ३००, कॅरलची (घरोघरी नाताळची गाणी गाणारी) मंडळी घरी येतील त्यांचा चहा २५०, चांदणी आणि दिव्यांची माळ १५०. हे झाले ५,५००. उरलेले २५० रिक्षाभाडं आणि सेलोटेपसारख्या बारीकसारीक गोष्टींना. बहुतेक घरांच्या यादीत पहिल्या तीन-चार गोष्टी असतात आणि शेवटच्या राहून जातात, आणि उधारी नेमकी त्या शेवटच्यांपायी होते. कॅरलला पंचवीस माणसं येतात. अर्धा अर्धा कप चहा म्हटलं तरी सव्वा लिटर दूध आणि पाव किलो साखर लागते. कॅरलचा वार पाळकसाहेब आधी जाहीर करतात. त्या दिवशीचं दूध गवळ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं, नाहीतर रात्री नऊला दुकानातून पिशव्या आणाव्या लागतात.

नातेवाइकांच्या भेटींना ८०० पुरतील का, असं वाटेल. चिठ्ठ्या टाकल्या तर पुरतात. तीन भावंडांची तीन कुटुंबं, प्रत्येकी चार माणसं, अशी बारा माणसं नाताळला एकत्र येतात असं समजा. प्रत्येक घराने बाकीच्या आठही जणांना १५० ची वस्तू द्यायची म्हटली तर घरटी १,२०० जातात आणि त्या किमतीत मिळतो तो तिसऱ्या दिवशी मोडणारा प्लास्टिकचा माल. चिठ्ठ्या काढून प्रत्येकाने एकालाच २०० ची वस्तू द्यायची ठरली की घराचे ८०० आणि प्रत्येकाला एक बरी वस्तू. यंदा आगमन काळाचा (नाताळआधीच्या चार रविवारांचा) पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, त्या दिवशी चिठ्ठ्या काढाव्यात. आपल्याच घरातलं नाव आलं तर चिठ्ठी परत टाकायची. ‘२०० पर्यंत’ असा नियम करू नये, ‘२०० च’ म्हणावं. ‘पर्यंत’ म्हटलं की एक जण १२० ची आणतो, दुसरा ३५० ची, आणि पुढच्या वर्षी चिठ्ठ्याच बंद पडतात. ज्याचा पगार जास्त त्याला ही मर्यादा अपुरी वाटते. त्याने जास्तीचे पैसे सगळ्यांच्या जेवणात घालावेत, म्हणजे कोणालाच ओशाळं वाटत नाही.

मुलांना काय हवं हे जुलैत विचारूच नये. जुलैत मागितलेली वस्तू डिसेंबरपर्यंत मनातून उतरलेली असते. नोव्हेंबरच्या मध्यावर विचारावं, तोवर नुसते पैसे जमवावेत. ऑनलाइन सेल दिवाळीआधी लागतात आणि तिथे भाव खरोखर उतरतात, पण माल परत करायची मुदत सात-दहा दिवसांची असते. ऑक्टोबरला घेतलेली वस्तू २५ डिसेंबरला उघडली आणि ती बिघडलेली निघाली तर परत करायची मुदत केव्हाच उलटलेली असते. घरी आली त्याच दिवशी खोका उघडावा, बॅटरीचे सेल घालून चालवून बघावी, कपडा असेल तर मूल झोपल्यावर अंगावर धरून माप बघावं आणि मग पुन्हा बांधून ठेवावी.

खेळणं घेताना त्यावर आयएसआय खूण बघावी. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हाताने घडवलेल्या खेळण्यांना तेवढी सूट आहे. कानडे मारुती लेनमध्ये आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत डझनाच्या भावात स्वस्त खेळणी मिळतात, संडे स्कूलच्या वाटपासाठी तिथेच जाणं परवडतं. पण तीन वर्षांखालच्या मुलांना बारीक सुटे भाग, छोटी चाकं, चिकटवलेले डोळे असलेलं काही देऊ नये. आणि सेलवर चालणाऱ्या गाडीची किंमत खोक्यावर छापलेली नसते, ती महिनाभरात कळते. चार पेन्सिल सेल एका दुपारी संपतात. ४०० च्या भेटीमागे दर आठवड्याला सेलचा खर्च लागणार असेल तर ती भेट ४०० ची राहत नाही.

दोन भेटी अशा आहेत की कमी पैशांत मनासारख्या होतात, मात्र दोन्हींना वेळ लागतो. एक स्वेटर. नाशिकची डिसेंबरची थंडी सगळ्यांना ठाऊक आहे, १० अंशांच्या खाली पारा जातो. आठ वर्षांच्या मुलाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला चार पदरी लोकर साधारण ३०० ग्रॅम लागते. सगळी लोकर एकाच वेळी आणि एकाच लॉटची घ्यावी, पट्टीवरचा लॉट नंबर जुळवून. २०० ग्रॅम आणली आणि कमी पडली म्हणून पुन्हा आणायला गेलं की तोच रंग किंचित वेगळा निघतो, आणि बाही अंगापेक्षा फिकी दिसते. काठाला १२ नंबरच्या आणि अंगाला १० नंबरच्या सुया घ्याव्यात. सुरुवात करण्याआधी चार इंचांचा तुकडा विणून इंचाला किती टाके बसतात ते मोजावं. हे न करता शेजारणीच्या मापाने टाके घातले तर हात घट्ट असलेल्या बाईचा स्वेटर दीड-दोन इंच अरुंद होतो आणि तो उसवण्यात आठवडा जातो. छातीच्या मापात दोन इंच जास्त धरावे, बाही दोन इंच लांब ठेवून दुमडावी, म्हणजे पुढची थंडीही निघते. रोज तास-दीड तास हात चालला तर महिना-दीड महिना लागतो. गणपती झाले की लोकर आणावी. विणता येत नसेल तर शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये तयार मिळतात. तिथेही वाढत्या अंगाचाच घ्यावा.

दुसरी सायकल. नवीन २० इंची सायकल चार-साडेचार हजारांच्या खाली सहसा बसत नाही, आणि हीच वस्तू लोक सर्वांत जास्त उधारीवर घेतात. वापरलेली सायकल सात-आठशेत मिळते. घेताना रंग बघू नये. चाक उचलून फिरवावं, रिम डुलते का बघावं. आऱ्यांच्या (स्पोकच्या) भोकांपाशी रिम गंजून फुगली असेल तर ती घेऊ नये, तिथून ती तुटते. समोरून उभं राहून पुढच्या चाकाचा चिमटा सरळ आहे का बघावं. पेडलचा दांडा हाताने आजूबाजूला हलवून खडखड येते का पाहावं. येत असेल तर आतले छर्रे आणि कप बदलावे लागतात, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्यावेत. घरी आणल्यावर गंज तारेच्या ब्रशने काढावा, १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावं, पुसून रेड ऑक्साइडचा हात द्यावा, पूर्ण दिवस वाळू द्यावं, मग २२० नंबरने हलकं घासून ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर तो ओघळतो आणि डिसेंबरच्या गारव्यात आठवडाभर चिकट राहतो. ब्रेकचे रबर, ब्रेकची तार, ट्यूब आणि मुठी मात्र नव्याच घालाव्यात. रंगासकट हा सगळा खर्च सहाशे-सातशेत बसतो. ब्रेकवर बचत करू नये. सायकलवाल्याकडे १५ डिसेंबरच्या आत न्यावी. एका वर्षी दोघा मुलांना सायकल हवी असेल तर एकाला यंदा आणि एकाला पुढच्या वर्षी असं मुलांना स्पष्ट सांगावं, मुलांना ते कळतं.

कपड्यांचं थोडक्यात. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि शिंपी भरलेले असतात. फ्रॉक शिवून हवा असेल तर कापड दिवाळीनंतर लगेच द्यावं आणि पावतीवर तारीख १५ डिसेंबरची लिहून घ्यावी, २४ ची नाही. तयार कपडे मेनरोडला दिवाळी आणि लग्नसराई यांच्या मधल्या दिवसांत बघावेत. दिवाळीचा उरलेला माल दुकानदाराला तेव्हा काढायचा असतो. मापं सगळी नसतात, पण मुलांची बरीच मिळून जातात. आजी-आजोबांसाठी भांडीबाजारातला स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात घरचे शंकरपाळे, ही ५०० च्या आतली भेट वर्षभर वापरात राहते.

फराळाची ताटं हीसुद्धा भेटच आहे. दिवाळीत शेजाऱ्यांकडून ताटं आलेली असतात, ती नाताळला भरून परत जातात, आणि ही रीत जपायलाच हवी. खर्च वाढतो तो करंज्यांनी, कारण सुकं खोबरं महाग. पंधरा ताटांत चार-चार करंज्या म्हणजे साठ करंज्या. दोन-दोन ठेवल्या तर तीसमध्ये भागतं, बाकी ताट शंकरपाळ्यांनी भरावं. एक किलो मैदा, ३०० ग्रॅम साखर, पाव किलो तूप किंवा डालडा आणि पाव लिटरला थोडं जास्त दूध यांत दीड-पावणेदोन किलो शंकरपाळे होतात. मोहन यापेक्षा जास्त घातलं तर ते तेलात विरघळतात आणि मैद्याबरोबर तेलही वाया जातं, म्हणून आधी दोन-चार तळून बघावेत. विरघळले तर पिठात मूठभर मैदा मळून घ्यावा.

आता कर्जाचं, कारण त्यासाठीच मुख्यतः हे पत्र आहे. डिसेंबरमध्ये मोबाइलच्या दुकानात १२,००० चा फोन ‘शून्य डाउनपेमेंट’वर, महिना १,५०० च्या आठ हप्त्यांत मिळतो. वयात येणाऱ्या मुलाला तोच हवा असतो. फाइल चार्ज वेगळा आणि त्यावर जीएसटी, हे काउंटरवर विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. खरी अडचण पुढे येते. हप्ता कापला जातो २ ते ५ तारखेच्या दरम्यान आणि पगार येतो ७ ते १० ला. जानेवारीचा पहिला हप्ता डिसेंबर महिन्याचा पगार होण्याआधीच खात्यावर येऊन आदळतो. खातं रिकामं असल्याने तो परत जातो, आणि मग फायनान्स कंपनी एक दंड लावते, बँक दुसरा लावते, आणि सिबिलवर (कर्जफेडीच्या नोंदवहीत) नोंद होते ती वेगळीच. घ्यायचाच असेल तर सही करण्याआधी हप्त्याची तारीख विचारावी. ती पगारानंतरची करून मिळत नसेल तर एका हप्त्याएवढे १,५०० रुपये आधीच खात्यात वेगळे ठेवावेत, आणि शेवटचा हप्ता फिटेपर्यंत त्यांना हात लावू नये. तेवढेही ठेवता येत नसतील तर तो फोन त्या वर्षी घेऊ नये.

खासगी उसनवारीत ‘शेकडा पाच’ ऐकायला कमी वाटतं. ते महिन्याला असतं. २० डिसेंबरला घेतलेल्या ५,००० वर दर महिन्याला २५० रुपये व्याज, जूनपर्यंत १,५०० जातात आणि मुद्दल तसंच उभं राहतं. त्या १,५०० त दोन्ही मुलांच्या वह्या, दप्तरं आणि बूट आले असते.

चर्चच्या कमिटीला आणि पॅरिश कौन्सिललाही आमची कळकळीची विनंती आहे. संडे स्कूलची, सजावटीची, प्रीतिभोजनाची वर्गणी किती हे ऑक्टोबरमध्येच जाहीर करावं. डिसेंबरच्या दोन रविवारी तीन पावतीपुस्तकं फिरली की कमी पगाराचं माणूस नाही म्हणू शकत नाही आणि देऊही शकत नाही. गरजू कुटुंबांना चर्चची मंडळी जी मदत करते ती चांगलीच आहे, पण ती २३-२४ डिसेंबरला पोचते. तोपर्यंत त्या घराने उधारीवर सामान आणलेलं असतं. तीच मदत १ डिसेंबरला मिळाली तर उधारी होणारच नाही. आणि शक्य असेल तिथे साडी-ब्लँकेटऐवजी रोख द्यावी किंवा किराणा दुकानात त्या कुटुंबाच्या नावाने रक्कम जमा करावी. कोणाच्या घरात कशाची गरज आहे ते त्या घरातल्या बाईइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं.

आपल्याकडे मागणं एवढंच, की नाताळच्या खर्चाची ती चौकट यंदा ५ जुलैच्या रविवारच्या अंकात छापावी. त्यात २५ मोकळे चौकोन ठेवावेत, वाचकांना कापून भिंतीला लावता येतील असे, आणि प्रत्येक चौकोनात त्या रविवारची तारीख असावी.

आपल्या,
एका बचत गटाच्या सभासद,
नाशिकरोड